एकच नियमावली आणि पेशवेकालीन पुणे : सेटिंगचं पुस्तक नेमकं कसं असावं?

पर्वतीपायथा

मंडळी, आमच्या रविवारच्या ग्रुपमधला वाद इथे आणतोय. इथे आरपीजी (पात्रं घेऊन टेबलावर गोष्ट रचायचे खेळ) खेळणारेही आहेत आणि जुने कागद चाळणारेही, आणि मला दोघांची गरज आहे.

आम्ही गर्प्स खेळतो. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेत ऑस्टिनमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ साली काढलेली ही युनिव्हर्सल नियमावली. सध्याची चौथी आवृत्ती २००४ची. तीन साधे सहा बाजूंचे पासे टाकायचे, बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम जमलं. महागडे रंगीत पासे मागवावे लागत नाहीत, तुळशीबागेत मिळतात तेच चालतात. पात्र पॉइंट मोजून उभं करायचं, म्हणजे ठरावीक पॉइंट खर्चून त्याचे गुण आणि कौशल्यं घ्यायची. याच नियमांवर तुम्ही रोमन सैनिक होऊ शकता, मंगळावरचा खाणकामगार होऊ शकता किंवा भुतं पकडणारा वकीलही.

मूळ पुस्तकात सगळं आहे, पण जग कुठलंच नाही. जग येतं सेटिंगच्या पुस्तकातून. आम्हाला असं एक पुस्तक स्वतः लिहायचं आहे : पुणे, १७७३ ते १७९१. म्हणजे नारायणरावांच्या खुनापासून घाशीराम कोतवालाच्या शेवटापर्यंत. छापून विकायला नाही, आपल्या टेबलासाठी आणि ज्याला हवं त्याच्यासाठी.

ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं असं, की आधी इतिहास लिहून काढू : पेशव्यांची वंशावळ, सरदार, लढाया, पेठा. त्याची ऐंशी पानं होतील आणि मग शेवटी नियम जोडू. मला हे अजिबात पटत नाही. इतिहासाची ऐंशी पानं पुण्यात हवी तेवढी मिळतात, ती लिहायला आपली गरज नाही. युनिव्हर्सल नियमावलीच्या सेटिंगबुकाचं पहिलं काम म्हणजे नकार देणं. मूळ पुस्तकात जादू आहे, मनातलं ओळखण्याची शक्ती आहे, लेझर आहेत, मंत्र्याची ओळख आहे, अमरत्व आहे. खेळाडू ते पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्यासमोर शेकडो दारं उघडी असतात. त्यातली कुठली बंद, कुठली महाग आणि कुठली या शहरात प्रत्येकाला फुकट, हे ज्या पुस्तकाने सांगितलं त्याने जग उभं केलं.

एक उदाहरण. गर्प्सचं बेनस्टॉर्म नावाचं जग आहे. एका जादुई वादळाने पृथ्वीवरची मध्ययुगीन माणसं उचलून दुसऱ्या जगात नेऊन टाकली, त्यांच्या धर्मांसकट. तिथे पृथ्वीवरून नवीन माणसं अधूनमधून येतच राहतात. मग कुणीतरी बंदुकीची दारू करायची कृती घेऊन येणारच ना? पुस्तकाने नुसतं ‘बंदुका नाहीत’ असं लिहिलेलं नाही. तिथल्या साम्राज्याचं एक खातंच असं ज्ञान हुडकून दाबून टाकतं. नकाराला कारण आहे, त्या कारणाला माणसं आहेत, आणि त्या माणसांशी पात्रांची गाठ पडते. एका नकारातून किती खेळ निघाला बघा.

तर माझा प्रश्न : पेशवेकालीन पुण्यात कुठली दारं बंद करायची आणि कुठली महाग करायची?

खडकवासला_कट्टा

विषय जिव्हाळ्याचा! सहमत आहे, पण गर्प्स का? आम्ही सॅव्हेज वर्ल्ड्स खेळतो आणि तुम्ही सांगताय तो नकार तिथे मूळ पुस्तकातच सोयीने मांडलेला आहे. सेटिंग रूल्सची यादी असते आणि आपल्या जगाला लागू ते निवडायचे. जखमा खऱ्याखुऱ्या लागाव्यात असं वाटत असेल तर ग्रिटी डॅमेज घ्या, नको असेल तर सोडा.

२००३ साली आलेली ही सिस्टिम मुळात वेगवान खेळासाठीच केलेली. पात्राच्या कौशल्याचा एक पासा आणि सोबत वाइल्ड डाय म्हणून सहाचा एक, दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा, चार आले की जमलं. सहाचा पासा असलेल्याला यशाची शक्यता पाऊण होते. नवख्या खेळाडूला सुरुवातीलाच हुरूप येतो.

आणि त्यांची सेटिंगबुकं ही चालवायला लिहिलेली असतात. ५० फॅदम्स घ्या : बुडालेलं जग, आपल्या पृथ्वीवरून तिथे जाऊन पोचलेले समुद्री चाचे, जहाजं, माल भरून बंदरोबंदरी विकणं. मुख्य कथानकाचे टप्पे दिलेले असतात आणि अधेमधे सुट्या गोष्टी. शनिवारी रात्री वाचा, रविवारी खेळा. गर्प्सच्या ऐतिहासिक पुस्तकांबद्दल मला अतोनात आदर आहे. चीन, जपान, रोम, व्हायकिंग, अरबी रात्री, सगळी अभ्यास करून लिहिलेली आहेत. दुसरी सिस्टिम खेळणारेही ती घेतात, कारण संदर्भ म्हणून उत्तम. पण त्यातून रविवारचा खेळ काढायचा तर जीएमलाच (खेळ चालवणाऱ्यालाच) आठवडाभर खपावं लागतं.

पर्वतीपायथा

@खडकवासला_कट्टा, तुमचं ‘चालवायला लिहिलेलं’ हे शंभर टक्के मान्य. गर्प्सच्याच घरातलं उलट उदाहरण देतो. ट्रान्सह्युमन स्पेस, २००२ सालचं. सन २१०० मधली सूर्यमाला. जनुकं बदललेली माणसं, मनाच्या संगणकीय प्रती, मंगळावरच्या वसाहती. वाचताना मी थक्क झालो होतो, इतका विचार करून रचलेलं भविष्य फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण अनेक ग्रुपांना एकच प्रश्न पडला आणि आम्हालाही पडला : इथे आपण करायचं काय? जग आहे, पण त्यात तुमचं काम काय ते पान सापडत नाही.

म्हणून माझ्या मते नकारानंतर लगेच दुसरं पान ‘कामाचं’ हवं.

गर्प्स का, याचं उत्तर : लढाईतला एक टर्न म्हणजे एक सेकंद. हे पुष्कळांना जाचक वाटतं, मला याच काळासाठी ते फार मोलाचं वाटतं. तोड्याची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला कितीतरी टर्न जातात. म्हणजे एक बार, आणि मग तलवार नाहीतर पळ. शनिवारवाड्याच्या दिंडीत उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत असतं आणि खेळाडूलाही ते पाशांतून कळतं, मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये एक फेरी सहा सेकंदांची धरतात, तिथे हा ताण थोडा सैल होतो.

दफ्तरी

मी आरपीजी खेळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. काळ चांगला निवडलाय. त्याच्या दोन्ही टोकांना एकच गोष्ट आहे : राजधानीत हत्यार बाळगणाऱ्या माणसांवरचा ताबा सुटणं. ३० ऑगस्ट १७७३ला गारदी वाड्यात शिरले तेव्हा थकलेल्या पगाराची तक्रार त्यात होतीच. आणि १७९१ला कोतवालाने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचलं. मधल्या काळात बारभाई, इंग्रजांशी युद्ध, सालबाईचा तह, आणि १७८६पासून पुण्यात इंग्रजांचा वकील मॅलेट. हे सगळं तुमच्या खेळाडूंना शाळेतून अर्धंमुर्धं माहीत असणार, त्यामुळे ऐंशी पानं खरंच लिहू नका.

किमती मात्र लिहा. रोजचं शहर तिथे दिसतं. ना. गो. चापेकरांचं ‘पेशवाईच्या सावलीत’ चाळा. जुन्या हिशेबांतून धान्य, कापड, मजुरी, नोकरांचे पगार यांचे आकडे काढून ठेवलेत त्यांनी. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, १९३० ते १९३४ या काळात निघाले, पण तिथे हरवाल. चापेकरांपासून सुरुवात करा.

आणि एक गोष्ट विसरू नका. रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे शिक्के चालत आणि सराफ त्यावर बट्टा कापत. हातात दहा रुपये आहेत म्हणजे दहाच रुपयांचा माल मिळेल असं नाही.

पर्वतीपायथा

दफ्तरी साहेब, दंडवत घ्या. बट्ट्याचं कुणालाच सुचलं नव्हतं आणि नेमकी हीच गोष्ट सेटिंगबुकात हवी.

गर्प्सच्या हिशेबात प्रत्येक तंत्रज्ञान-पातळीला सुरुवातीची ठरावीक पुंजी असते : चौथ्या पातळीला २०००, पाचव्या पातळीला ५०००. सामाजिक दर्जा शून्य असलेल्याला महिन्याचा खर्च ६००, एक असला तर १२००, दोन असला तर ३०००. दर्जा चढत जातो तसा खर्च कितीतरी पटींनी वाढतो, म्हणजे सरदाराला सरदारासारखं राहावंच लागतं. आपण या काल्पनिक डॉलरचा रुपया-आणा करायचा आणि वरून बट्टा लावायचा. मोठा व्यवहार असेल तेव्हा व्यापाराच्या कौशल्यावर पासे टाकायचे. हरलात तर सराफाने एक शिक्का कमी धरला. जिंकलात तर तुम्हाला शिक्का ओळखता येतो हे त्याला कळलं, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याशी वेगळं बोलेल.

पुण्याचा हा काळ कागदोपत्री चौथ्या आणि पाचव्या पातळीच्या सीमेवर पडतो, पाचवी १७३०पासून धरतात. मी चौथीच धरणार. शहरात पाचवीच्या वस्तू फक्त मॅलेटच्या गोटात आणि एखाद्या हौशी सरदाराकडे, त्याही महाग.

अबोली

मी फेट या तिसऱ्या सिस्टिमवाली आहे, त्यामुळे पासे कमी, बोलणं जास्त. :)

फेट कोअर (२०१३, एव्हिल हॅट) मध्ये सेटिंग टेबलावर बसूनच करतात. सगळ्यांनी मिळून दोन अडचणी ठरवायच्या, एक आत्ता भेडसावणारी आणि एक येऊ घातलेली. मग त्या अडचणींना चेहरे आणि जागा द्यायच्या. तुमच्या १७७३साठी मी लिहीन : आत्ताची अडचण ‘गारद्यांचा पगार थकलाय’, येऊ घातलेली ‘रघुनाथरावांना गादी हवी’. झालं सेटिंग. हे दोन्ही ॲस्पेक्ट (खेळात खरी धरायची एका ओळीची गोष्ट) म्हणून टेबलावर चिठ्ठ्यांवर लिहून ठेवायचे आणि कुणीही फेट पॉइंट देऊन ते वापरायचे. देवडीवरचा पहारेकरी अडवतोय? ‘गारद्यांचा पगार थकलाय’, मग तो दोन रुपयांत सोडेल. तोच ॲस्पेक्ट जीएम उलटा फिरवू शकते : तुम्ही वाड्यात असताना नेमकी आजच गारद्यांनी वाट अडवली.

मला सेटिंगबुकांत हेच हवं असतं. एका ओळीत सांगितलेली गोष्ट, जी खेळाडू आणि जीएम दोघांच्याही हाती देता येते.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. तुमच्या ग्रुपमध्ये कोण खेळतं मला माहीत नाही, माझ्या ग्रुपमध्ये सगळ्या जातींची मुलंमुली आहेत. पेशवेकालीन पुणे म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येणार. अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. गर्प्समध्ये सोशल स्टिग्मा (समाजाने खालचं मानणं) ही ‘उणीव’ आहे आणि ती घेतली की पॉइंट परत मिळतात. म्हणजे माझ्या टेबलावरच्या मुलाने आपल्या पणजोबांचं पात्र केलं तर त्याला बक्षीस म्हणून दहा पॉइंट? मला ते सहन होणार नाही.

खडकवासला_कट्टा

अबोली, प्रश्न रास्त आहे. काही जण हा भाग गाळूनच टाकतात. काल्पनिक पुणे, जात नाही, सगळे बरोबरीचे. सोपं पडतं.

अबोली

गाळणं मला नको आहे. गाळलं की शहरच खोटं होतं, आणि ज्यांच्या घरात त्या आठवणी आहेत त्यांनाच आपण ‘तुमचं काही घडलंच नाही’ असं सांगतो. मला एवढंच हवंय की नियमांनी त्याचा सौदा करू नये.

पर्वतीपायथा

यावर आम्ही ग्रुपमध्ये खूप बोललो, कारण आमच्याकडेही हा प्रश्न होताच. आमच्यातल्या एकाने सुचवलेला मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो, तो सविस्तर लिहितो.

सगळ्यांना समान १०० पॉइंट. वरच्या दर्जाची किंमत पूर्ण मोजायची : दर्जाच्या प्रत्येक पायरीला ५ पॉइंट, सुखवस्तू असाल तर १०, श्रीमंत असाल तर २०. खालच्या बाजूने मात्र परतावा नाही. जन्मावरून आलेल्या कुठल्याही बंधनाला उणे पॉइंट नाहीत, म्हणजे ते विकतही घेता येत नाही आणि विकताही येत नाही. बंधन जगात आहे, पात्राच्या कागदावरच्या जमाखर्चात नाही.

याचा परिणाम बघा. सरदारपुत्राचे तीस-चाळीस पॉइंट नावावर, वाड्यावर आणि घोड्यावरच खर्च होतात. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचे शंभरच्या शंभर अंगातल्या गुणांत जातात. टेबलावर सर्वांत हुशार, चपळ, जगाची खडान्खडा माहिती असलेलं पात्र बहुतेक वेळा त्याचंच होतं. आणि त्याला अडवणाऱ्या देवडीवर खेळाडू चिडतो तेव्हा तो चुकीच्या जागी चिडलेला नसतो.

दुसरं, पहिल्या बैठकीतच मर्यादा ठरवायच्या. काय टेबलावर दाखवायचं, काय फक्त ‘हे असं होतं’ एवढं म्हणून पुढे जायचं आणि काय अजिबात नको. हा मजकूर परिशिष्टात ढकलायचा नाही, पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत घालायचा.

अबोली

हे आवडलं. मनापासून आवडलं. ‘विकताही येत नाही’ हे माझ्या फेटच्या टेबलावरही लागू करते : जातीवरून ट्रबल (पात्राची अडचण सांगणारा) ॲस्पेक्ट घ्यायचा नाही.

नदीपलीकडे

थोडं अवांतर. सेटिंगबुक लोक किती गंभीरपणे घेतात याचं उदाहरण म्हणजे गर्प्स सायबरपंक. १ मार्च १९९० रोजी अमेरिकन सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या कार्यालयावर छापा घातला आणि या पुस्तकाचं हस्तलिखित असलेले संगणक उचलून नेले. संगणकी गुन्ह्यांचं हँडबुक समजले होते ते. कंपनी कोर्टात गेली आणि १९९३ला ५०,००० डॉलर नुकसानभरपाई मिळाली. खेळाचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी एवढा नेटाने लढा दिला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुद्द्याचं. पर्यायी इतिहास का नको? गर्प्सचं इन्फिनिट वर्ल्ड्स आहेच. तिथे होमलाइन आणि सेंट्रम अशा दोन महासत्ता समांतर पृथ्व्यांवरून एकमेकींशी झगडतात. त्यातली एक पृथ्वी अशी घ्या जिथे १७६१ला पानिपत मराठ्यांनी जिंकलं. पुण्याच्या खेळाडूला यापेक्षा काय हवं?

पर्वतीपायथा

मोह मलाही होतो. पण आधी खरं पुणे. पानिपत जिंकलेल्या पुण्यात काय बदललंय हे खेळाडूला जाणवायचं असेल, तर न बदललेलं पुणे त्याच्या पायाखालून गेलेलं हवं. कुठल्या हौदावर पाणी मिळतं, रात्रीच्या बंदीची तोफ झाल्यावर कुठे जाता येत नाही, हे अंगवळणी पडल्यावर तुमचं पानिपत घेऊ. युनिव्हर्सल सिस्टिमचा फायदाही हाच की तीच पात्रं, तोच कागद घेऊन पुढच्या वर्षी समांतर पृथ्वीवर जाता येतं. नियम नव्याने शिकावे लागत नाहीत.

हौदांवरून आठवलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेला कात्रजचा नळ आपल्या शहराखाली आहे. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा जमिनीखालचा दगडी पाट, मध्ये मध्ये उच्छ्वास (हवेसाठी वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या वाटा) आणि पेठांतून हौद. परदेशी पुस्तकांतून आयती भुयारं कशाला आणायची? खेळात एक उच्छ्वास उघडा सापडला आणि आतून कुणीतरी नुकतंच गेल्याची खूण दिसली, की त्या संध्याकाळचं कथानक तयार.

दफ्तरी

नळाबद्दल एक विनंती. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो मार्ग होता, त्यात उतरणं म्हणजे साधी चोरी नव्हे. खेळाडू आत शिरले तर बाहेरच्यांच्या रागाचा नियमही लिहा.

आणि नकाशा करताना वर्ष धरून करा. नाना पेठ नाना फडणवीसांच्या काळातली, तुमच्या कालखंडाच्या शेवटाकडे वसलेली. १७७३च्या पात्राने तिथे घर भाड्याने घेतलं तर गडबड होईल.

खडकवासला_कट्टा

आता ‘कामाचं पान’. पात्रं कोण? नानांचे हेर म्हणाल तर खेळ लगेच ‘वरून हुकूम आला, करा’ असा होतो. वाड्यातले सरदार म्हणाल तर अबोलीच्या टेबलावरची निम्मी माणसं बाहेर.

पर्वतीपायथा

माझ्या डोक्यात सराफी पेढी आहे. बुधवारातली एक मध्यम पेढी, मालक गुजराती सराफ. पात्रं म्हणजे पेढीची माणसं : मोडी झरझर वाचणारा कारकून, हुंड्या पोचवणारा जासूद, मालासोबत जाणारा पठाण, रात्रीची राखण करणारा रामोशी, मालकाची हिशेबात पक्की असलेली विधवा बहीण. एरवी एकत्र न येणारी माणसं इथे एका छपराखाली येतात आणि कुणाला ओढूनताणून आणावं लागत नाही.

इतिहासही मग पेढीत हुंडीच्या भावातून शिरतो. वाड्यात काय घडलं ही बातमी इतरांआधी अर्धा दिवस हाती लागली, तर रघुनाथरावांच्या बाजूच्या माणसांना दिलेलं कर्ज वसूल करायचं की वाढवायचं हे ठरवता येतं. एकट्याने वाड्यात तलवार घेऊन शिरायची गरजच नाही. शिरणारे शिरतीलच म्हणा, खेळाडू आहेत.

लिपीचा नियमही पेढीमुळे कामाला येतो. गर्प्समध्ये भाषेचं बोलणं आणि लिहिणं वेगळं मोजतात, प्रत्येकी तीन पॉइंटांपर्यंत. आपण लिहिण्याचे भाग करायचे : मोडी वेगळी, बाळबोध वेगळी, फारसी वेगळी. पोथी वाचणाऱ्या शास्त्र्याला पेढीची चिठ्ठी वाचता येईलच असं नाही. चिठ्ठी हाती आहे आणि वाचणारा गावाला गेलाय, हा प्रसंग मला एका पूर्ण रविवाराला पुरेल.

खडकवासला_कट्टा

पेढी मंजूर! हे सॅव्हेज वर्ल्ड्समध्येही जसंच्या तसं चालेल.

नदीपलीकडे

मग एकाच सिस्टिमला का बांधून घेता? परवान्यांचा विचार करा. फेट कोअरचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत. केऑसियमचं बेसिक रोलप्लेइंग २०२३च्या आवृत्तीत ओआरसी परवान्याखाली खुलं झालं आणि ते शंभरापर्यंतच्या पाशांवर चालतं, त्यामुळे नवख्याला टक्केवारी पटकन कळते. गर्प्सला तसा खुला परवाना नाही. उद्या हे पुस्तक नीट झालं आणि छापावंसं वाटलं तर अडकाल.

पर्वतीपायथा

चांगली सूचना. मजकूर असा लिहायचा की आकडे चौकटीत वेगळे राहतील. पेढी, पेठा, किमती, बंधनं हे सिस्टिमशिवाय. चौकटीत गर्प्स मी देतो. फेट अबोली देणार का? सॅव्हेज वर्ल्ड्स कट्टेकरांनी घ्यावं.

नमुन्यासाठी एक चौकट टाकतो.

*रात्रीची तोफ.* तोफ झाली की विनाकारण रस्त्यावर फिरायला बंदी, कोतवालाची माणसं गस्तीवर. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना जीएमने तीन पासे टाकावेत. ९ किंवा कमी आले तर गस्त समोर येते. हातात मशाल असेल तर १२ किंवा कमी. गस्तीला तीन उत्तरं चालतात : मालकाचं नाव, पैसे किंवा काळोख. नाव सांगितलं तर सुटाल, पण सकाळी ते नाव चावडीवर पोचलेलं असेल. पैसे दिले तर पुढच्या वेळी तीच गस्त जास्त मागेल. काळोखात पळालात तर ओळखलं कुणी नाही, पण त्या पेठेत दोन रात्री पहारा वाढतो.

अबोली

फेट मी करते. याची फेट चौकट एका ओळीची होईल : शहराचा ॲस्पेक्ट, ‘तोफ झाली, रस्ते कोतवालाचे’.

खडकवासला_कट्टा

९ फार कमी नाही का? तीन पाशांवर ९ किंवा कमी म्हणजे साधारण ३७ टक्के. गस्तीचा धाक वाटायला १० ठेवा, बरोबर निम्मे.

पर्वतीपायथा

एका पेठेला ३७ टक्के. पण बुधवारातून शनिवार ओलांडून नारायणात शिरायचं म्हणजे दोनदा पासे पडतात, आणि दोनदा टाकले की निदान एकदा गस्त भेटण्याची शक्यता साठच्या वर जाते. लांब जाणाऱ्याला धाक आहे, शेजारच्या पेठेत डोकावणाऱ्याला संधी आहे. १० ठेवला तर दोन पेठांना पाऊण होईल आणि रात्री कुणी पेढीबाहेर पडणारच नाही.

मालकाच्या बहिणीचं पात्र मात्र अजून कुणी मागितलेलं नाही. हिशेब १६ ठेवलाय तिचा, घराबाहेर पडायला सबब लागते. कुणी घेणार?

अबोली

मी. पुढच्या रविवारी येते, गर्प्सचा कागद तुम्ही भरून ठेवा.

दफ्तरी

चापेकरांमधून धान्य, कापड आणि पगाराचे आकडे काढून इथे देतो. रामोशाच्या पगारापासून सुरुवात करतो, तुमच्या पेढीला आधी तोच लागेल.